ऑफिसात स्वतःच्या ओळखीने वावरताना : पुण्यातल्या ट्रान्स आणि नॉनबायनरी नोकरदारांसाठी

मराठी बोलणाऱ्या ट्रान्स माणसाला ऑफिसात पहिल्याच वाक्याला निवड करावी लागते. "उशीर झाला" इथपर्यंत ठीक असतं, पण पुढे "वाकडच्या पुलाखाली अडकलो" म्हणायचं की "अडकले"? मीटिंग इंग्रजीत निभावून जाते. चहाला खाली उतरलं की मराठी सुरू होते आणि दर दुसऱ्या क्रियापदाला आपण कोण हे सांगावं तरी लागतं, नाहीतर लपवावं तरी. दिवसभर हे लपवण्यात माणूस थकतो. एचआरमध्ये काम करताना मी हे जवळून पाहिलं आहे: उत्तम काम करणारी माणसं मीटिंगमध्ये गप्प बसतात, बढतीसाठी नाव देत नाहीत, डबा घेऊन एकटी कोपऱ्यात जातात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. जन्माच्या वेळी जे लिंग कागदावर लिहिलं गेलं ते आपलं नाही असं ज्यांना ठाऊक आहे (स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणारे नॉनबायनरीही त्यांत आले) आणि ज्यांना आपल्या ओळखीने नोकरी करायची आहे, त्यांनी काय करावं, कोणत्या क्रमाने करावं, ते इथे सांगायचं आहे. क्रमाला मी फार महत्त्व देते. सगळ्यांना सांगून टाकणं ही पहिली पायरी नाही. ती बरीच पुढची आहे. आधीची कामं झाली असतील तर सांगताना आवाज स्थिर राहतो, कारण समोरच्याच्या उत्तरावर आपलं घर आणि आपली भाकरी अवलंबून नसते.

आधी पायाखालची जमीन पक्की करा

घरी माहीत आहे का? नसेल, तर ऑफिसातून बातमी घरी पोहोचण्याच्या वाटा आधी शोधा. एचआरकडे 'आपत्कालीन संपर्क' म्हणून बहुतेकांनी वडिलांचा नंबर दिलेला असतो. एखाद्या दिवशी चक्कर आली, कुणी काळजीने फोन केला आणि नव्या नावाने तुमचा उल्लेख झाला, की झालं. तो नंबर विश्वासू मित्राचा किंवा मैत्रिणीचा करून घ्या. कारण कुणी विचारत नाही.

बँकेच्या खात्याला कुणाचा मोबाइल जोडलेला आहे ते बघा. कॉलेजात असताना उघडलेल्या खात्याचा ओटीपी अजून वडिलांच्या फोनवर जात असेल, तर पगार तुमचा असला तरी त्याची चावी तुमच्याकडे नाही. पगाराचं खातं फक्त स्वतःच्या नावावर हवं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी, जन्मदाखला आणि पासपोर्ट गावाकडच्या कपाटात असतील तर पुढच्या सुट्टीत सोबत घेऊन या. वाद झाल्यावर हे कागद मागणं फार अवघड जातं.

मग घर. पुण्यात भाड्याच्या घराचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. तो संपत आला असेल, तर नूतनीकरण होऊ द्या आणि मग ऑफिसात बोला. घरमालक तुमच्याच कंपनीत असेल किंवा फ्लॅटमधले सोबती सहकारी असतील, तर हा विचार दुप्पट करा. निदान तीन महिन्यांचा खर्च बाजूला असावा. ज्यांच्याकडे तेवढे पैसे साठत नाहीत त्यांनी थांबूनच राहावं असं मी म्हणणार नाही. पण निदान एका माणसाला आधी विचारून ठेवा: "वेळ आली तर महिनाभर तुझ्याकडे राहता येईल का?"

तुमच्या बाजूने काय आहे ते वाचून ठेवा

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात निकाल दिला आणि आपली लिंगओळख स्वतः ठरवणं हा घटनेने दिलेल्या हक्कांचा भाग मानला. पुढे २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याचं कलम ९ नोकरदाराच्या सगळ्यात जास्त कामाचं: कोणत्याही आस्थापनेने भरती, बढती किंवा नोकरीशी संबंधित कुठल्याही बाबतीत ट्रान्स व्यक्तीशी भेदभाव करायचा नाही. खासगी कंपनीही यात येते. कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेत अशा तक्रारींसाठी एक तक्रार अधिकारी नेमलेला असला पाहिजे.

२०२० च्या नियमांनी यात आणखी भर घातली. कंपनीने समान संधी धोरण तयार करायचं आणि ते सर्वांना दिसेल असं लावायचं. त्यात सर्वांना वापरता येणारं स्वच्छतागृह, प्रवासाची सुरक्षितता, कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीची गोपनीयता आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील हे मुद्दे हवेत. गोपनीयतेचा मुद्दा लक्षात ठेवा. तुम्ही एचआरला सांगितलेली गोष्ट कॅन्टीनमध्ये पोहोचली, तर ती निव्वळ 'गप्पा' म्हणून सोडून द्यायची बाब नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेन कौशिक या ट्रान्स शिक्षिकेच्या खटल्यात, ओळखीमुळे नोकरी गमवावी लागल्याबद्दल भरपाईचा आदेश दिला आणि नोकरीतल्या समान संधीचं धोरण आखण्यासाठी समितीही नेमली. हा कायदा कागदावरच राहतो असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण सांगा. आणि आपल्या जवळचं सांगायचं तर पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये ट्रान्स व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं, पुढे पुणे महापालिकेनेही घेतलं. गणवेश घालून महापालिकेच्या दारात उभी असलेली ट्रान्स व्यक्ती रोज शेकडो पुणेकरांना दिसते, याचा परिणाम आपल्या ऑफिसच्या दारापर्यंत येतो असं मला मनापासून वाटतं.

स्वतःबद्दल काही न सांगता ऑफिसचा अंदाज घ्या

मोठ्या कंपनीत हे सोपं आहे. इंट्रानेटवर समान संधी धोरण शोधा. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आहे का? आरोग्य विम्याच्या पुस्तिकेत जोडीदाराची व्याख्या काय आहे? रजेच्या आणि नोंदणीच्या फॉर्मवर स्त्री-पुरुष यांच्यापलीकडे पर्याय आहे का? नसेल तर एचआरला सर्वसाधारण प्रश्न म्हणून विचारता येतं: "आपलं समान संधी धोरण कुठे वाचायला मिळेल?" उत्तराच्या शब्दांपेक्षा ते किती दिवसांनी आणि कोणत्या सुरात येतं, ते बघा.

भोसरी-चाकणच्या कारखान्यात किंवा पेठेतल्या पाच जणांच्या ऑफिसात धोरण-बिरण काही नसतं. तिथे मालक किंवा मॅनेजर हेच धोरण. बातमीत ट्रान्स व्यक्तीचा विषय निघाल्यावर ते काय बोलतात, कुणाची टिंगल चालली असता थांबवतात की हसतात, हे चार-सहा आठवडे नुसतं ऐका. लहान जागेचा एक फायदा असतो: मालकाला एकदा पटलं की बाकीचे आपोआप ताळ्यावर येतात. मोठ्या कंपनीत धोरण सुंदर आणि तुमचा टीम लीड मात्र वेगळाच, असं सर्रास घडतं.

पहिला माणूस निवडा, मग लेखी कळवा

सुरुवात एकाच माणसापासून करा. त्याच्याकडे दोन गोष्टी हव्यात: तोंडाला कुलूप, आणि ऑफिसात थोडं वजन. जिवलग मैत्रीण असेल पण तिचं कुणी ऐकत नसेल, तर ती आधाराला उत्तम. सुरुवात मात्र तिच्यापासून नको. शक्यतो बाहेर बोला, शनिवारवाड्यावर किंवा सारसबागेत चालता चालता. काचेच्या केबिनमध्ये पाऊण तास बसलात की सगळा मजला तर्क करायला लागतो.

त्यानंतर एचआरला किंवा मॅनेजरला लेखी कळवा. बोलणं आधी झालं असलं तरी मेल हवाच, कारण पुढे कधी गरज पडली तर 'आम्हाला माहीत नव्हतं' असं कुणाला म्हणता येऊ नये. मेल छोटा ठेवा. माफी नको, बालपणापासूनची कहाणी नको, डॉक्टरांचा तपशील तर अजिबात नको. मसुदा असा करता येईल:

"नमस्कार. एक महत्त्वाची गोष्ट कळवत आहे. मी ट्रान्स स्त्री आहे. येत्या एक तारखेपासून ऑफिसात माझं नाव अमुक असं असावं आणि माझा उल्लेख 'त्या आल्या, त्या म्हणाल्या' असा व्हावा, ही विनंती. कागदोपत्री नाव बदलण्याचं काम सुरू आहे. तोपर्यंत पगार आणि पीएफ जुन्या नावाने चालू राहू द्या. मेल आयडी, ओळखपत्र, टीमची यादी आणि फोनची डिरेक्टरी यांवर मात्र नवं नाव हवं. ही माहिती सध्या तुमच्यापुरतीच ठेवावी. टीमला कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, ते आपण या आठवड्यात बसून ठरवू."

तारीख घालायला विसरू नका. तारीख असली की आयटी विभाग मेल आयडी बदलतो, ॲडमिन कार्ड छापतं आणि दारावरच्या रक्षकाला सांगितलं जातं. सुरक्षा आणि स्वच्छता बहुतेक ठिकाणी कंत्राटी एजन्सीकडे असते. टीमला सांगितलं पण दारावर रोज "सर, कार्ड दाखवा" ऐकावं लागलं, तर सकाळची सुरुवातच बोचते. म्हणून एजन्सीच्या सुपरवायझरला सांगण्याचं काम ॲडमिनच्या यादीत लेखी असू द्या.

मराठीत बोलायचं कसं

इथे थोडं थांबते, कारण हे आपल्यालाच सोडवायचं आहे. इंग्रजीतल्या मार्गदर्शिका सर्वनामांवर थांबतात. आपल्याकडे लिंग क्रियापदात शिरतं: आलो-आले, करतो-करते, अडकलो-अडकले.

ज्यांनी सांगितलं आहे आणि ज्यांची भाषा ठरली आहे, त्यांनी ती पहिल्या दिवसापासून बिनधास्त वापरावी. तुम्हीच "मी बघते" म्हणायला लागलात की आजूबाजूचे आपसूक वळतात. तुम्ही अडखळलात तर तेही अडखळतात. आधी घरी किंवा मित्रांत सराव करा, फोनवर मोठ्याने बोलून बघा.

ज्यांनी अजून सांगितलेलं नाही, किंवा ज्यांना स्त्रीलिंगी-पुल्लिंगी दोन्ही नको आहेत, त्यांच्यासाठी मराठीत वाटतं त्यापेक्षा जास्त जागा आहे. भविष्यकाळ मोकळा आहे: "मी येईन", "मी करणार आहे". "करतोय-करतेय" ऐवजी "मी करत आहे" म्हणता येतं. कर्म असलेली भूतकाळातली वाक्यं बहुतेक मोकळीच असतात, कारण क्रियापद त्या वस्तूप्रमाणे बदलतं: "मी रिपोर्ट पाठवला", "मी फाइल बघितली". "मला वाटतं", "मला जायचं आहे" हेही तसंच. "आम्ही आलो" सगळ्यांचं एकच, त्यामुळे टीमच्या कामाबद्दल "आम्ही काल क्लायंटकडे गेलो होतो" म्हणताना काही अडत नाही.

अडचण येते ती येणे, जाणे, बसणे, बोलणे, विसरणे, शिकणे, जेवणे, भेटणे यांच्या भूतकाळात. तिथे वाक्य फिरवा. "मी विसरलो" ऐवजी "माझ्या लक्षात राहिलं नाही". "मी त्यांच्याशी बोलले" ऐवजी "माझं त्यांच्याशी बोलणं झालं". "जेवलो" ऐवजी "जेवण झालं". "भेटले" ऐवजी "आमची भेट झाली". पंधरा-वीस वाक्यांची अशी यादी करून ठेवली की रोजचं ऑफिस त्यात भागतं. आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी बायका सहज "मी आलो, मी जातो" म्हणतात. पुण्यातल्या ऑफिसांना ती बोली नवी नाही. तेव्हा एखादं रूप इकडचं तिकडे झालं म्हणून लगेच कुणाच्या भुवया उंचावतील अशी धास्ती नको.

सहकाऱ्यांसाठीही हाच मार्ग आहे. "तू आलास" की "आलीस" हा घोळ वाटत असेल तर "तुम्ही आलात" म्हणा. पाठीमागे उल्लेख करताना "त्यांनी सांगितलं, त्यांना विचारा, त्यांचा मेल आला आहे" हे कुणालाही लागू पडतं. पण समोरच्या व्यक्तीने आपली भाषा स्पष्ट सांगितली असेल तर तीच वापरायची. "त्या आल्या" म्हणा असं सांगूनही कुणी मुद्दाम "त्यांनी, त्यांना" करत राहिलं, तर ते टाळणं असतं आणि ते कळतं. चूक झाली तर तेवढा शब्द सुधारून पुढे बोला. पाच मिनिटं माफी मागितली तर समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

कागदपत्रांचा क्रम

इथे घाई केली तर पगार अडकू शकतो, म्हणून ही साखळी समजून घ्या. २०१९ च्या कायद्यात ओळख प्रमाणपत्र देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अर्ज ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवरून होतो. या प्रक्रियेत बदल होत असतात, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवरचे चालू नियम आणि नमुने वाचा. नावाचा बदल राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या, कारण बँका आणि विद्यापीठं बहुधा तोच कागद आधी मागतात.

त्यानंतर आधार, मग पॅन. दोन्हींत ट्रान्सजेंडर हा पर्याय आहे. मग बँक, आणि शेवटी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक. कारण साधं आहे: यूएएनवरचं नाव, लिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळावी लागते, जुळली नाही तर केवायसी अडकतं आणि पैसे काढताना अर्ज परत येतो. पीएफमधल्या दुरुस्तीला काही वेळा कंपनीची संमती लागते, त्यामुळे आधार बदललं त्याच आठवड्यात एचआरला कळवा. २०२० च्या नियमांत आणखी एक सोय आहे: ज्या कार्यालयाने कागद दिला त्याने अर्जावर पंधरा दिवसांत बदल करायचा आणि कागदाचा मूळ क्रमांक तोच ठेवायचा. हे कलम छापून सोबत ठेवा. खिडकीवरच्या माणसाला बहुतेक वेळा ते ठाऊक नसतं. समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, आणि जिल्हा पातळीवरच्या समाजकल्याण कार्यालयातही विचारणा करता येते.

सगळे कागद एकदम बदलायची सक्ती नाही. काहींना फक्त ऑफिसात वावरताना नवं नाव पुरेसं असतं.

स्वच्छतागृह, कॅब आणि नवरात्रातले नऊ रंग

तुम्हाला जे स्वच्छतागृह सुरक्षित वाटतं ते वापरता यावं. "तुम्ही तिसऱ्या मजल्यावरचं वापरा" अशी सोय कुणी सुचवली तर मान्य करू नका. दिवसातून चार वेळा जिना चढायला लावणं ही सोय नसते. मधली वाट हवी असेल तर एखाद्या स्वच्छतागृहावर 'सर्वांसाठी' अशी पाटी लावून घ्या. पाटीला फारसा खर्च येत नाही.

रात्रपाळीबद्दल: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, स्त्री कर्मचाऱ्याच्या संमतीने तिला रात्री साडेनऊनंतर काम देताना तिचं संरक्षण आणि घरापर्यंतचा प्रवास ही मालकाची जबाबदारी आहे. ट्रान्स स्त्रीने कॅबची तीच व्यवस्था मागावी. आणि कॅबच्या यादीत ड्रायव्हरला कोणतं नाव दिसतं तेही तपासावं.

मग येतात सण. गणपतीतला ट्रॅडिशनल डे, नवरात्रातले नऊ रंग, आठ मार्चचं गुलाब. वर्षभर जीन्स-शर्टात निभावतं, पण या दिवसांत साडी की कुर्ता हा प्रश्न उभा राहतो. अनेक जणींनी पहिली साडी ऑफिसात याच दिवसांत नेसली आहे, आणि सगळेच नटलेले असल्याने ते सोपं गेलं आहे. ज्यांना ते नको, त्यांनी त्या दिवशी त्या रंगाचा साधा शर्ट घालावा. कुणाला उत्तर देणं लागत नाही. खरी काळजी फोटोंची. ग्रुप फोटो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर आणि कंपनीच्या लिंक्डइन पानावर असतो, आणि साताऱ्याच्या मावशीपर्यंत पोहोचायला तेवढं पुरतं. फोटो काढण्याआधी सांगून ठेवा. महिला दिनाची यादी एचआरच्या नोंदींवरून बनते, त्यामुळे ट्रान्स पुरुषाच्या टेबलावर गुलाब येतं आणि ट्रान्स स्त्रीला वगळलं जातं. आयोजकांनी आधी विचारलं तर हे टळतं.

प्रश्न येतील

"ऑपरेशन झालं का?" हा प्रश्न येईलच. एकच वाक्य ठरवून ठेवा आणि दर वेळी तेच म्हणा: "ते खासगी आहे, कामाबद्दल बोलू." "आधीचं नाव काय होतं?" याला "आताचं नाव हे आहे". जो खरंच समजून घेऊ पाहतो त्याच्याशी हवं तर नंतर निवांत बोला. पण संबंध ऑफिसला शिकवण्याचं काम तुमच्या कामाच्या यादीत नाही. ते कंपनीचं आहे, आणि त्यासाठी बाहेरून माणूस बोलावता येतो. पुण्यात समपथिक ट्रस्टने अनेक वर्षं या विषयावर काम केलं आहे.

त्रास झाला तर

त्याच दिवशी लिहून ठेवा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं. स्क्रीनशॉट ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, स्वतःच्या मेलवर ठेवा. एकदा झालेली चूक आणि वारंवार केलेला छळ यांत फरक करा. पहिल्यासाठी बोलणं पुरतं, दुसऱ्यासाठी लेखी तक्रारच. ती तक्रार अधिकाऱ्याकडे करा. नियमांप्रमाणे पंधरा दिवसांत चौकशी आणि अहवालानंतर पंधरा दिवसांत आस्थापनेच्या प्रमुखाने कारवाई करायची आहे. तक्रार अधिकारी नेमलेलाच नसेल तर तक्रारीची पहिली ओळ तीच असू द्या. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक किंवा आर्थिक छळासाठी कायद्याच्या कलम १८ मध्ये सहा महिने ते दोन वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. वकिलाचा सल्ला राजीनामा देण्याआधी घ्या. रागाच्या भरात दिलेला राजीनामा पुढे 'स्वखुशीने सोडलं' असा वाचला जातो.

मन खचत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. तुमची ओळख 'बरी करून देतो' म्हणणाऱ्या समुपदेशकाकडे पुन्हा जाऊ नका.

आणि हे सगळं वाचून आपल्याला आत्ता काहीच सांगायचं नाही असं ठरलं, तर तोही पूर्ण विचाराने घेतलेला निर्णय आहे. मोकळी वाक्यं वापरत, एका विश्वासू माणसासोबत वर्षानुवर्षं नोकरी करणारी माणसं आहेत आणि ती खोटी नाहीत.

नोकरी बदलताना

जुन्या कंपनीची अनुभवपत्रं जुन्या नावावर असतात आणि नवी कंपनी पार्श्वभूमी तपासणी करते. जुन्या एचआरला मेल करून नव्या नावाचं पत्र मागा, राजपत्राची प्रत जोडा. ते नाही म्हणाले तर तपासणी करणाऱ्या एजन्सीला जुनं नाव तुम्हीच थेट द्या आणि हे नाव फक्त पडताळणीसाठी आहे, टीमपर्यंत जाऊ नये, असं नव्या एचआरकडून मेलवर कबूल करून घ्या. पदवीसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे अर्ज लवकर टाका. रिलीव्हिंग लेटर हातात पडलं की नाव, आडनाव आणि एम्प्लॉयी कोड तिथेच उभं राहून वाचा, कारण शेवटच्या दिवसानंतर एका अक्षराच्या दुरुस्तीसाठीही खेटे घालावे लागतात.